राउटर ‘सुरू झाला’ असे कधी म्हणायचे?



गेल्या वर्षी गणपती बसण्याच्या आधीच्या आठवड्यात आपल्या शाळेत नवा राउटर बसला. विश्वस्त मंडळाने त्यासाठी रक्कम मंजूर केली होती आणि एका माजी विद्यार्थ्याने देणगी देऊन तीत भर घातली होती. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने चार हिरवे दिवे दाखवले, एका संगणकावर एक पान उघडून दाखवले. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले आणि देयकावर सही केली. ‘काम पूर्ण’ हे दोन शब्द आम्हीच आमच्या हाताने लिहिले.

बरोबर अकराव्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस झाला आणि लाइट गेली. इंदूरकरांना यात नवल नाही. पण त्या दिवशी ती तीन तास आलीच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी संपली, राउटर बंद पडला. साडेचारच्या सुमारास लाइट आली, राउटरचे दिवे पूर्वीसारखे हिरवे झाले, पण शाळेतल्या एकाही संगणकावर इंटरनेट चालेना. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि नऊ मुलांचे अर्ज कार्यालयातून जायचे राहिले होते.

हिरवे दिवे पाहून आम्ही समजलो की दोष बाहेरच्या लाइनचा आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केले, ‘लाइन ठीक आहे’ असे उत्तर आले. या घोळात दीड तास गेला. शेवटी आमचे लिपिक आणि दोन पालक मुलांना घेऊन सायबर कॅफेत गेले. रात्रीपर्यंत आठ अर्ज भरले गेले. नवव्या अर्जासाठी वडिलांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी हवा होता. ते रात्रपाळीवर गेले होते आणि कारखान्यात शिरताना मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो. तो अर्ज राहिला. एका मुलीची वर्षाची शिष्यवृत्ती त्यात गेली. तिच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली आहे, ती या पानावरही मागतो.

पण माफी मागून विषय संपत नाही. आमची चूक नेमकी काय झाली आणि ती कशी टाळता आली असती, हे सर्वांना कळावे म्हणून हा लेख. आता घरोघरी राउटर आहेत, तेव्हा पालकांनाही याचा उपयोग होईल.

राउटरचे काम काय?

रेल्वे टपालाची छाटणी कशी होते ते मोठ्या माणसांना आठवत असेल. पत्रांचा ढीग समोर येतो. छाटणी करणारा पत्रातला मजकूर वाचत नाही, फक्त पत्ता पाहतो आणि पत्र योग्य त्या थैलीत टाकतो. राउटरचे काम अगदी असेच आहे. आपण संगणकावर चित्र पाहतो, पत्र पाठवतो किंवा अर्ज भरतो, तेव्हा ती माहिती लहान लहान तुकड्यांत कापली जाते. एका तुकड्यात साधारणपणे जास्तीत जास्त दीड हजार बाइट मावतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हे पत्ते आकड्यांचे असतात. राउटर पत्ता पाहून तुकडा कोणत्या वाटेने धाडायचा ते ठरवतो.

शाळेतला राउटर फाटकावर बसलेल्या माणसासारखा आहे. आत संगणक कक्ष, कार्यालय आणि ग्रंथालय, बाहेर सारे जग. आतल्या संगणकांना पत्ते वाटणे, कार्यालयाची माहिती मुलांच्या संगणकांपासून वेगळी ठेवणे, इंटरनेट कंपनीला आपले नाव व परवलीचा शब्द सांगून बाहेरची वाट उघडणे, ही त्याची कामे. ती कशी करायची हे त्याला एकदा सांगावे लागते. या सांगण्यालाच सेटिंग म्हणतात.

पहिल्या यंत्राची गोष्ट

या जातीच्या पहिल्या यंत्राला ‘इंटरफेस मेसेज प्रोसेसर’ असे नाव होते. अमेरिकेतल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने ते अर्पानेट नावाच्या जाळ्यासाठी बनवले. १९६९ सालच्या ऑगस्टअखेरीस ते मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावाहून विमानाने लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोहोचले. वीज जोडताच ते केंब्रिजमध्ये जिथे थांबले होते तिथूनच पुढे काम करू लागले. त्याची स्मरणशक्ती लहान लहान चुंबकीय कड्यांची होती आणि अशा कड्यांतले लिखाण वीज गेली तरी पुसले जात नाही.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाकडे पहिला संदेश धाडला गेला. धाडायचा शब्द होता ‘लॉगिन’. त्यातली एल आणि ओ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. सुमारे तासाभराने पुन्हा प्रयत्न करून पूर्ण शब्द पोहोचवण्यात आला. यंत्राला वीज मिळणे वेगळे आणि काम शेवटपर्यंत तडीस जाणे वेगळे, हे पहिल्याच दिवशी दिसून आले होते. आम्हाला ते कळायला आमची चूक व्हावी लागली.

वीज मिळाल्यावर आत काय घडते?

राउटर हाही एक संगणकच आहे, फक्त त्याला पडदा आणि कळफलक नसतो. बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत चार गोष्टी घडतात. मुलांना समजावे म्हणून आपण शाळा उघडण्याशी तुलना करू.

पहिली गोष्ट, स्वतःची तपासणी. सकाळी शिपाईकाका येऊन खोल्या, खिडक्या, दिवे पाहून घेतात. तसा राउटर आपली स्मृती आणि आपले भाग जागेवर आहेत ना, हे पाहतो.

दुसरी गोष्ट, मुख्य प्रणालीचा शोध. कायमच्या स्मृतीतला एक छोटा कार्यक्रम मुख्य प्रणाली कुठे ठेवली आहे ते शोधतो. ही प्रणाली बहुधा फ्लॅश स्मृतीत असते आणि ती वीज गेल्यावरही टिकते. शिपाईकाकांनी कपाटातून किल्ल्यांचा जुडगा काढावा, तसे हे.

तिसरी गोष्ट, प्रणाली कामाच्या स्मृतीत घेणे. गुरुजन वर्गात येतात आणि शाळा भरते.

चौथी गोष्ट, जपून ठेवलेली सेटिंग वाचणे. आज कोणता वर्ग कुठे बसणार, कोणता तास कोणाचा, हे वेळापत्रक पाहिल्याशिवाय शाळा चालत नाही. राउटरही आपले वेळापत्रक उघडून वाचतो आणि मगच कामाला लागतो.

या साऱ्याला लहान राउटरला एक-दोन मिनिटे लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. पहिल्या तीन गोष्टी झाल्या की दिवे हिरवे होऊ शकतात. चौथी गोष्ट झाली की नाही, हे दिव्यांवरून नेहमी कळत नाही. आमची फसगत इथेच झाली.

फळा आणि वही

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. त्याने आपला लॅपटॉप खास तारेने राउटरला जोडला आणि सेटिंग पाहिली. पाने कोरी होती. राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा झाला होता.

त्याचे कारण असे. कार्यालयांसाठी बनवलेल्या अनेक राउटरांत सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक प्रत चालू कामाची, दुसरी जपून ठेवलेली. सिस्को कंपनीच्या राउटरांत त्यांना ‘रनिंग कॉन्फिगरेशन’ आणि ‘स्टार्टअप कॉन्फिगरेशन’ अशी नावे आहेत. आपला राउटर दुसऱ्या कंपनीचा आहे, पण रचना तशीच आहे.

चालू प्रत म्हणजे वर्गातला फळा. बाई फळ्यावर लिहितात, मुले लगेच वाचतात, काम सुरू होते. पण संध्याकाळी फळा पुसला जातो. जपलेली प्रत म्हणजे वही. वहीत उतरवलेले दुसऱ्या दिवशीही राहते. राउटरला दिलेली प्रत्येक सूचना आधी फळ्यावर जाते आणि त्या क्षणापासून लागू होते. म्हणून सारे काही ठीक दिसते. ती वहीत उतरवण्याची आज्ञा मात्र वेगळी द्यावी लागते. आमच्या बाबतीत ती दिलीच गेली नव्हती. अकरा दिवस राउटर फळ्यावर वाचून काम करत होता. लाइट गेली, फळा पुसला गेला. लाइट आल्यावर राउटरने वही उघडली, तर वही कोरी.

तंत्रज्ञाने आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. पंचवीस मिनिटांत सारी सेटिंग पुन्हा भरून, वहीत उतरवून तो गेला. चूक त्याची होती, हे खरे. पण सही आमची होती. राउटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करा, असे आम्ही त्याला पहिल्याच दिवशी म्हटले असते, तर ही गोष्ट पाच मिनिटांत उघडकीस आली असती.

दिवे काय सांगतात, काय सांगत नाहीत

दिवे निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी समजू नये. त्यांची भाषा समजून घ्यावी. वीज असा दिवा लागला, म्हणजे फक्त वीज पोहोचली. तारेच्या खोबणीजवळचा दिवा लागला, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणते तरी उपकरण चालू आहे. तो लुकलुकतो तेव्हा तारेतून माहिती ये-जा करत असते. फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर असेल, तर बाहेरच्या कंपनीशी प्रकाशाच्या तारेने संबंध जुळला आहे. ‘लॉस’ नावाचा तांबडा दिवा लागला किंवा लुकलुकू लागला, तर प्रकाश पोहोचत नाही. फायबर तुटली, वाकली किंवा सैल झाली असावी. अशा वेळी राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही, कंपनीलाच कळवावे.

थोडक्यात, दिवा तारेची बातमी देतो, सेटिंगची बातमी देतोच असे नाही.

आता आम्ही काय करतो?

त्या प्रसंगानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला तपासणीची यादी करायला सांगितली. ती संगणक कक्षाच्या दारामागे चिकटवली आहे. नवे उपकरण बसले किंवा सेटिंगमध्ये काही बदल केला, की ही यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची.

१. बदल करण्यापूर्वी जुनी सेटिंग दुसरीकडे उतरवून ठेवावी. एक प्रत कार्यालयातल्या संगणकात, एक पेन ड्राइव्हवर मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात. तीत परवलीचे शब्द असतात, म्हणून ती कोणाच्या हाती पडू देऊ नये.

२. नवी सेटिंग जपून ठेवण्याची आज्ञा तंत्रज्ञाने आपल्यासमोर द्यावी आणि जपलेली प्रत पडद्यावर उघडून दाखवावी. चालू प्रत आणि जपलेली प्रत सारख्याच दिसल्या पाहिजेत.

३. नंतर राउटर बंद करावा. यंत्रातून ‘पुन्हा सुरू करा’ असे सांगण्यावर भागवू नये, बटण बंद करून प्लग काढावा. खऱ्या आयुष्यात लाइट अशीच जाते. अर्धा मिनिट थांबून प्लग पुन्हा लावावा. ही परीक्षा सेटिंग जपल्याची खात्री झाल्यावरच घ्यावी. राउटरची प्रणाली नवी करण्याचे काम चालू असताना तर प्लगला हातही लावू नये, राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

४. घड्याळ लावून वेळ मोजावी. आपला राउटर पूर्ण कामाला लागायला सुमारे चार मिनिटे घेतो. ही वेळ लिहून ठेवली आहे. त्याआधी कोणी घाबरून पुन्हा बटण दाबू नये. पुढे कधी दहा मिनिटे लागू लागली, तर काहीतरी बिघडते आहे असे समजावे.

५. एका संगणकावर त्याला मिळालेला पत्ता पाहावा. आपल्या शाळेत तो १९२.१६८ ने सुरू होतो. विंडोज संगणकावर तो १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. त्या दिवशी आपल्या सर्व संगणकांवर हाच आकडा होता. तो वाचता आला असता, तर कंपनीला फोन करण्यात दीड तास गेला नसता.

६. ‘पिंग’ नावाची आज्ञा देऊन पायरीपायरीने बाहेर जावे. पिंग म्हणजे हाक मारणे. विंडोजवर ही आज्ञा चार हाका मारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगते. पहिली हाक राउटरला. उत्तर आले तर आतली बाजू ठीक. दुसरी हाक बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, जसे ८.८.८.८. उत्तर आले तर बाहेरची वाट ठीक. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाला नावाने. आकड्याला उत्तर येते पण नावाला येत नाही असे झाले, तर वाट उघडी आहे, फक्त नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा चालत नाही. दोष कुठल्या पायरीवर आहे ते असे नेमके कळते.

७. कार्यालय, संगणक कक्ष आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणच्या एकेका संगणकावर पाहावे. एका ठिकाणी चालते म्हणून सगळीकडे चालते असे नाही. मुलांच्या संगणकावरून कार्यालयाची कागदपत्रे उघडत नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहावे.

८. राउटरचे घड्याळ पाहावे. अनेक लहान राउटरांचे घड्याळ लाइट गेली की मागे जाते आणि इंटरनेट मिळाल्यावर पुन्हा जुळते. जुळले नाही, तर कोणती घटना केव्हा घडली याच्या नोंदी चुकीच्या होतात.

९. हे सारे वहीत लिहून तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या कराव्यात. सही करणाऱ्यांपैकी एकजण तंत्रज्ञ नसावा.

पूर्ण यादीला सुमारे अर्धा तास लागतो.

घरच्या राउटरसाठी

पालकहो, घरचा राउटर लहान असतो आणि त्यातली सेटिंग बहुधा ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ म्हटल्याबरोबर जपली जाते. तरीही बसवायला आलेल्या मुलाला जाण्यापूर्वी प्लग काढून पुन्हा लावायला सांगावे. तो घाईत असला तरी पाच मिनिटे बसवून चहा द्यावा आणि तुमचा मोबाइल वायफायला आपोआप जोडला जातो का ते पाहावे. मोबाइलची स्वतःची इंटरनेट सेवा त्या वेळी बंद ठेवावी, नाहीतर चालते आहे ते वायफाय की मोबाइलचे नेट, हे कळत नाही.

राउटरच्या मागे किंवा तळाशी एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून काही सेकंद दाबले, की राउटर कारखान्यातल्यासारखा कोरा होतो. नेट चालेना म्हणून मुलांनी हा प्रयोग करू नये. राउटरवर छापलेला मूळ परवलीचा शब्द बदलावा आणि नवा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा. राउटर कपाटात कोंडू नये, फ्रिजला किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. त्याला हवा लागते.

विश्वस्तांसाठी दोन शब्द

आपली संस्था लोकवर्गणीतून उभी राहिली आहे, प्रत्येक रुपयाचा हिशेब आपण देतो. यंत्र घेतल्याची पावती फायलीत असते, ते चालते याची पावती मात्र आजवर कोणी मागितली नव्हती. म्हणून आम्ही मंडळापुढे एक सूचना ठेवली आणि ती मंजूर झाली. यापुढे संगणक, राउटर, इन्व्हर्टर अशा उपकरणांच्या देयकाचा शेवटचा हप्ता बंद-चालू परीक्षा झाल्यावर, वहीतली सह्यांची नोंद पाहूनच दिला जाईल. तंत्रज्ञांवर अविश्वास म्हणून हे नाही. चांगल्या कारागिराला आपले काम तपासून दिल्याचे समाधानच वाटते. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्याही बदलल्या आहेत. आणखी एक नियम केला आहे, तो यंत्राचा नाही. मुदतीचे अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवायचे नाहीत, शाळेची मुदत सरकारी मुदतीच्या आठ दिवस आधीची.

त्या प्रसंगानंतर आजपर्यंत इन्व्हर्टर संपेपर्यंत लाइट जाण्याची वेळ तीनदा आली. तिन्ही वेळा राउटर कोणी हात न लावता चार मिनिटांत कामाला लागला. यंदा त्या मुलीचा अर्ज पहिल्याच दिवशी गेला. गेल्या वर्षीची रक्कम मात्र परत येणार नाही, हे आम्ही विसरलेलो नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर ही परीक्षा पुन्हा घेतली जाते. आठवी-नववीच्या चार मुलामुलींची एक तुकडी घड्याळ, वही आणि पिंगचे काम पाहते. पुढच्या तुकडीसाठी नावे घेणे सुरू आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे. पालकांपैकी कोणाला पाहायला यायचे असेल, तर त्यांचेही स्वागत आहे.